मुंग्या लागलेला शर्ट

चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधणाऱ्या माझ्या लाडक्या नाती, हा कागद हाती आल्यावर तो कुठे ठेवतेस ते आधी कुणाला तरी सांगून ठेव. तुझ्या भरवशावर मला धड मरताही येत नाही.

मी, सिनेमाच्या कपडेखात्यात बेचाळीस वर्षं शिवणकाम केलेली बाई, वय ऐंशीच्या आसपास, डोकं ठिकाणावर, जीभ त्याहून ठिकाणावर, कोणाच्याही धाकाशिवाय हे सांगते आहे. मला अक्षर येत नाही; कोर्टाबाहेरचा टायपिंगवाला घरी बोलावलाय, तो लिहून घेतो आहे.

एक. माझी खोली आणि पायमशीन नातीला, पण अट खाली आहे. बँकेतली शिल्लक माझ्या मुलीला, म्हणजे नातीच्या आईला. तिनं ती लेकीच्या सिनेमात घालू नये.

दोन. तीन पायांची खुर्ची एक्स्ट्रा माणसं पुरवणाऱ्या मुकादमाला. तो नदीकाठच्या आमच्या वस्तीत यायचा आणि चेहरे बघून बोट दाखवायचा, "हा गुंड, हा गुंड, ही गुंडाची आई." टोळ्यांच्या सिनेमांत आमच्याशिवाय पान हलत नसे, पण वकील, डॉक्टर आमच्यात त्याला एकदाही सापडला नाही. आणि आमच्यातला म्हणून जो मोठा दादा दाखवायचे तो गोरा नट; रोज सकाळी तासभर बसून तोंडाला काळं लावून घ्यायचा. माझा मुलगा, नातीचा मामा, वस्तीतल्या पोरांना गणित शिकवायचा. एकदा मास्तराचं काम मागायला गेला. मुकादम हसला, "आरशात बघ जरा. मास्तर असा असतो का?" चौतीस सिनेमांत तो गोळी खाऊन पडला.

तीन. पत्र्याच्या पेटीतला शर्ट, नातीलाच. हे नीट ऐक. सेटवरचं रक्त साखरेच्या पाकाचं. ते लागलं की त्या माणसानं खुर्चीवर बसायचं नाही, जेवायचं नाही, डाग हलता कामा नये. आणि डाग सांभाळायचं काम माझं. त्या दुपारी मुलगा जमिनीवर पडल्या पडल्या म्हणाला, "आई, भूक लागलीय गं. छातीत कसंतरीच होतंय."

"मेलेल्याला भूक लागत नाही. पडून राहा," मी म्हटलं. सगळे हसले. तोही हसला.

त्यानंतर तीनदा शॉट झाला. दिग्दर्शक म्हणाला, "शाब्बास! याला म्हणतात मरणं." मला किती बरं वाटलं. मग मुलाच्या ओठावर मुंगी चढली, आणि त्यानं ती हाकलली नाही.

टायपिंगवाला थांबलाय. म्हणतो, "आजी, हे मृत्युपत्रात बसत नाही." अरे बाबा, माझ्यात इतकी वर्षं बसलंय, तुझ्या कागदात बसेल. लिही.

तो सिनेमा अजून टीव्हीवर लागतो. शेवटच्या नावांच्या यादीत माझा मुलगा 'गुंड क्रमांक सात' आहे, मुलीनं वाचून दाखवलं. त्याच्या अंगातला तो शर्ट मी धुतला नाही. पेटी उघडली की अजून मुंग्या येतात. काही दुपारी पेटी बंद असतानाही भिंतीवरून रांग लागते, आणि त्यानंच हाक मारल्यासारखं माझ्या तोंडून निघतं, "आले रे, आले."

चार. अट. परवा तू तुझ्या सिनेमाची गोष्ट वाचून दाखवलीस. आमची पोर दिग्दर्शक झाली म्हणून ऊर भरून आला, आणि तेवढ्यात तू वाचलंस, 'वस्तीतले गुंड, एक ते नऊ.' अगं विसरभोळे, मामाला तू पाहिलं नाहीस हे खरं, पण नाक त्याचंच घेऊन फिरतेस! त्या नऊ जणांना नावं दे. एकाला तरी गणित येऊ दे. वकील आमच्यातला घे. खलनायकही घे, माझी ना नाही. आमच्यातही नग कमी नव्हते. हे केलंस तर खोली तुझी. नाहीतर समोरच्या शिंपिणीची. माझ्या खिडकीवर तिचा डोळा आहेच. निकाल साक्षीदारांनी सिनेमा बघून द्यावा. तिकिटं तू काढायची.

साक्षीदार: दवाखान्यातला कंपाउंडर, सही. कोपऱ्यावरची दूधवाली, सही.

ठिकाण: माझी खोली, खिडकीजवळ. दिनांक: १९ फेब्रुवारी, सकाळ. डावा अंगठा माझाच आहे. सुया टोचून रेषा पुसट झाल्यात, एवढंच.

अंगठ्याखाली आणखी एक. तुझे गुंड मरायचे असतील त्या दिवशी सेटवर जेवण पाठव. गरम भात, डाळ, माणशी दोन उकडलेली अंडी. रक्त लावायच्या आधी. माणसं नऊ असली तरी डबे दहा पाठव.