बिनफोडाचे पाय

ती. रेमेदियोस ताई,

आशीर्वादासाठी तुझा उजवा हात इथूनच माझ्या कपाळाला लावतो. गुडघा कसा आहे? मनिलाच्या त्या हॉटेलात दिवसभर उभी राहतेस, वर लिफ्ट सोडून जिने चढतेस आणि मग चार-चार पानं कण्हतेस. इकडे अनिलाओत सगळं ठीक. डुकरीला सात पिल्लं झाली. लुनिंगनिंगची शाळा जोरात आहे. वर्गातल्या पोरांना आणि मला ती एकाच आवाजात दटावते. घरातली कॉफी मात्र हल्ली कुठे जाते देव जाणे. चार दिवसांपूर्वी किलोभर आणली आणि परवा मला कपात नुसतं गरम पाणी मिळालं. विचारलं तर म्हणाली, संपली. बायकोपुढे कोण वाद घालणार?

आता खरी बातमी, बसून वाच. यंदाच्या जत्रेत बाळ येशूची मूर्ती पाण्याखालच्या क्रुसापर्यंत न्यायचा मान मला मिळाला आहे! पाद्रींनी रविवारी भर प्रार्थनेत माझं नाव घेतलं तेव्हा मी मान खाली घातली (लोकांना वाटलं नम्रपणा, मी हसू लपवत होतो). पहिल्या वर्षी मूर्ती आपल्या बाबांनी नेली होती, आठवतं? त्यांच्यानंतर एकतीस वर्षांनी तो मान पुन्हा आपल्या घरात येतोय. हसून झाल्यावर रडूही आलं, तुझ्याशी खोटं कशाला बोलू.

आणि मान मिळाला तो पायांमुळे. या किनाऱ्यावर पाहुण्यांना पाण्याखाली फिरवणारे आम्ही तीसेक जण, सगळ्यांच्या टाचा सोललेल्या. रबरी बूट, त्यावर पोहायचे लांब रबरी पंख, म्हणजे फिन, आत खारं पाणी आणि वाळूचा एक कण, एवढं पुरतं. दिवसाला तीन बुड्या झाल्या की भले भले लंगडत घरी जातात. माझ्या पायांना मात्र सव्वीस वर्षांत एकही फोड नाही. लांबून लांबून लोक सल्ला विचारायला येतात. मी हातचं न राखता सांगतो, की बूट सैल घेऊ नका, आतली वाळू गोड्या पाण्याने धुऊन काढा, नखं कापा, फिनचा पट्टा करकचून आवळू नका आणि आंघोळीनंतर पाय कडक कॉफीत बुडवून बसा. (हे शेवटचं मी तोंडाला येईल ते ठोकलं होतं, पण लोक नेमकं तेवढंच लक्षात ठेवतात.)

गेल्या वर्षीचा मानकरी आपल्या मावशीचा मेल्चोर. मूर्ती ठेवून तो पाण्यातून वर आला तो बदकासारखा फेंगडत. मी वर्षभर त्याला 'लोणीपाय' म्हणत होतो, आता खुद्द पाद्रीसुद्धा म्हणतात. पण ताई, आपली रीत तुला ठाऊक आहे. मानकऱ्याने देवळाच्या पायरीवर बसायचं, साऱ्या गावासमोर पाय उघडे करायचे आणि मग बूट चढवायचे. समोर फिन धरून उभा राहणार गेल्या वर्षीचा मानकरी. पायावर जखम किंवा फोड दिसला की मूर्ती त्याच्या हातात. लंगड्याच्या हाती बाळ देत नाहीत. नाव जाहीर झाल्यापासून मेल्चोर माझ्याशी बोलतो तो माझ्या पायांकडे बघून.

मला कसली भीती? तरी गेला महिनाभर मी, निव्वळ लोकांच्या भल्यासाठी, काही प्रयोग करून पाहिले. आधी टाचांना खोबरेल चोपडलं. घासणं थांबलं खरं, पण चाळीस फुटांखाली पाय बुटातून सुळकन सुटला आणि बूट फिनसकट प्रवाहाबरोबर एकटाच फिरायला गेला. एका पायाने पोहणारा माणूस गोल गोल फिरतो, हे मला तेव्हा कळलं. माझ्यामागचे चार पाहुणेही गोल फिरले. त्यांना वाटलं, इथे असंच पोहतात. मग टाचेला चिकटपट्टी लावली. आमच्याकडे एक जर्मन बाई दरवर्षी येतात, नखाएवढ्या रंगीत गोगलगायींचे फोटो काढायला. माझी पट्टी सुटून प्रवाळावर जाऊन बसली आणि बाईंनी तिचे वीस मिनिटं फोटो काढले. वर आल्यावर डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, नवी जात सापडली. माझ्याच्याने खरं सांगवेना. त्या जातीला त्या माझं नाव देणार आहेत.

तर ताई, जत्रेला ये. पुढेच बस. बाबांचे पाय पुन्हा त्या पायरीवर दिसतील.

तुझा धाकटा,
तानिस

ता. क. तुमच्या हॉटेलच्या गणवेशात बायकांचे ते लांब, पातळ नायलॉनचे मोजे असतात ना, तसले तीन जोड ताबडतोब पाठव. आधीची पंधरा वर्षं मला फोड यायचे, मी लपवायचो. मग एकदा लुनिंगनिंगचे मोजे बुटाच्या आत घालून पाहिले, आणि जादू! काही म्हणजे काही घासत नाही. अकरा वर्षं तिच्या खणातले नेतोय. तिला वाटतं उंदीर नेतात. पण शेवटचा जोड गेल्या महिन्यात प्रवाळाला अडकून फाटला आणि खण रिकामा आहे. डाव्या टाचेवर लिंबाएवढा फोड घेऊन हे पत्र लिहितोय. ताई, मूर्ती मेल्चोरच्या हातात गेलेली मला बघवणार नाही. मोज्यांचा रंग हुबेहूब माझ्या पायाचा बघ, थोडंसं दूध घातलेल्या कॉफीचा. मेल्चोरला धड दिसत नाही आणि ऐटीपायी तो चष्मा लावत नाही, तेव्हा खपून जाईल. पार्सलवर 'प्रार्थनेची पुस्तकं' असं लिही. लुनिंगनिंगला अजिबात कळता कामा नये.

आणखी एक ता. क. वन्सं, हे अक्षर माझं, लुनिंगनिंगचं. पत्र टपालात टाकायला यांनी माझ्याकडेच दिलं. मोजे पाठवू नका. आमच्या शाळेतली मोज्यांची सक्ती सहा वर्षांपूर्वीच गेली. तेव्हापासून मी दर महिन्याला दोन जोड आणते, तेही सगळ्यात मोठ्या मापाचे. गेल्या महिन्यात दुकानात ते माप नव्हतं, म्हणून खण रिकामा राहिला; या शनिवारी आले तसे सहा घेतले. पाद्रींनी यांचं नाव घेतलं त्या दुपारीच सहा जोड कॉफीत उकळायला घातले. तीनदा रंग चुकला, म्हणून किलोभर लागली. आज वाळलेत, टाचेशी धरून पाहिले (हे झोपले होते), फरक कळत नाही. जत्रेच्या सकाळी बुटात घालून ठेवीन. तुम्ही या, आणि मेल्चोरच्या शेजारी उभ्या राहून त्याच्याशी भरपूर बोला. यांना मात्र काही सांगू नका. उंदरांवर यांचा फार विश्वास आहे.