येणे की जाणे

सोमवार, ३ मार्च

गेल्या वर्षी त्या सकाळी पाणी भरून झालं होतं, डाळ शिजत होती आणि मी गॅलरीत चादरी पिळत होते. आदल्या दिवशी यांनी नवा फोन आणला होता. निघताना म्हणाले, बघ तरी शूटिंग कसं होतं. मी हात पदराला पुसले आणि फोन धरला. यांनी दारात चपला घातल्या, वळून येतो गं म्हटलं आणि निघाले. पुढे नुसतं रिकामं दार. दुपारी हिंदमाताच्या दुकानात गिऱ्हाइकाला साड्या दाखवताना गादीवर बसले ते उठलेच नाहीत. एवढीशी क्लिप राहिली.

आज हे आठवलं, कारण मला नोकरी लागली. ठाकूरद्वारहून बसने परळ. ‘झलक’ नावाचं फोटो-व्हिडिओचं ॲप आहे, याच फोनमध्ये होतं. त्यांच्या बातम्या आणि टिप्स रोज यायच्या, मराठीच्या नावाखाली काहीही. एकदा आलं, जुन्या आठवणी साफ करा. मी कंपनीला कळवलं की आठवणी म्हणजे काय भांडी आहेत का. असं बऱ्याचदा खडसावल्यावर त्यांनी बोलावूनच घेतलं, तुम्हीच लिहा म्हणाले. मराठीचं सगळं श्रेया बघते. मला मूल असतं तर तिच्या वयाचं असतं. तिने विचारलं, काकू, शाळा सातवीपर्यंत, पण वाचता ना? म्हटलं, पुडीचा कागदसुद्धा सोडत नाही. खिडकीजवळची जागा मिळाली. येताना बोंबील घेतले. बऱ्याच दिवसांनी भूक लागली.

गुरुवार, ६ मार्च

लेन्स फडक्याने पुसा, असं लिहिलं तर श्रेया म्हणे फडकं नको, मऊ कापड लिहा. कुणाच्या घरात मऊ कापड असतं? फडकंच असतं. दोन तास वाद घालून हरले.

नवी बातमीही लिहायची आहे. अर्धवट राहिलेली क्लिप ॲप आता स्वतःच पुढे नेणार. त्यासाठी मशीनला बोलणं समजावं लागतं, ते काम ऑफिसातल्या लॉयडचं. लोकांच्या क्लिपांतल्या शब्दांचे अर्थ मी निवडून द्यायचे. ‘येतो’ला दोन पर्याय होते, येणे आणि जाणे. मी येणे निवडलं. लॉयड म्हणाला, काकी, माणूस दाराबाहेर चाललाय, मग जाणे टाका ना. मी विचारलं, घरातून निघताना तुझी आई तुला जातो म्हणू देते? म्हणाला, मम्मी थोबाड फोडेल. मग झालं तर. श्रेया हसली, म्हणाली, काकू, मशीनला अपशकुन नसतो हो. नसू दे. मी बदललं नाही.

सोमवार, १० मार्च

टीप लिहायची तर आधी वापरून बघायला हवं, म्हणून आमची क्लिप घातली. हे निघाले, रिकामं दार आलं. तिथे क्लिप संपायची, ती संपली नाही. जिन्यावर चपलांचा आवाज, खालून वर येणारा. पदर तोंडात धरून पुन्हा पुन्हा लावली.

बुधवार, १२ मार्च

मूळ क्लिप सापडत नाही. तिच्या जागी नवीच बसली आहे. कंपनीच्या मदत विभागाला लिहिलं. उत्तर आलं, ॲप बंद करून पुन्हा उघडा. ही टीप मीच लिहिलेली. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. दिवसभर मी माझ्याकडेच तक्रार करत होते आणि मीच मला वाटेला लावत होते. शेवटी लॉयडला पकडलं. म्हणाला, नवी बनली की जुनी राहत नाही काकी, सॉरी. ही गोष्ट बातमीत लिहायला मला कोणी सांगितलं नव्हतं.

गुरुवार, १३ मार्च

होळी. पुरण घातलं नाही.

क्लिप आपोआप वाढते आहे. आज हे येतो गं म्हणत आत आले. पण हे डावा पाय ओढायचे. हा माणूस सरळ चालतो. लॉयड म्हणतो, मशीन सगळ्यांच्या चालण्यावरून शिकतं. म्हणजे पाय गावभरच्या लोकांचे आणि तोंड यांचं. असलं मला नको. माझी होती ती द्या, अर्धी तर अर्धी.

सोमवार, १७ मार्च

फोनवर टीप आली. दाराला आतून कडी लावू नका.

मी लिहिलेली नाही. श्रेयाला दाखवली. म्हणाली, काकू, मराठीत तुमच्याशिवाय लिहितं कोण?

मंगळवार, १८ मार्च

क्लिपमध्ये भिंत दिसली. भिंतीवर यांचा फोटो, चंदनाचा हार घातलेला. त्याच्याखाली हे उभे. शूटिंग केलं तेव्हा हा फोटो कुठे होता — पडदासुद्धा नवा, दिवाळीत लावलेला —

म्हणजे ही खोली आत्ताची.

बुधवार, १९ मार्च

पुसून टाकली. परत आली. फोनच बंद केला. शेजारच्या कमलाबाईंनी विचारलं, पाहुणे आलेत का. जिन्यावर कोणी येतो येतो म्हणत होतं —

गुरुवार, २० मार्च

लॉयडला म्हटलं, जाणे टाक. आत्ता टाक. पर्यायच उरलेला नाही. मराठीत कोणी जातो म्हणत नाही, म्हणून मशीनने काढून टाकला. माझंच ऐकून. म्हणाला, आता एकच उपाय, तुमच्या आवाजात स्वच्छ सांगा त्याला.

तिथेच फोन सुरू करून तोंडाशी धरला. म्हटलं, हे गेले. हा शब्द मी अजून कोणापुढे उच्चारला नव्हता.

लगेच टीप आली. ‘हे’ म्हणजे कोण? घरी दाराशी उभ्या राहून नाव सांगा.

लॉयड म्हणाला, घ्या ना काकी नाव, त्यात काय. त्यात काय — लग्नातल्या उखाण्यानंतर मी यांचं नाव कधी —

शुक्रवार, २१ मार्च

सकाळी दाराशी उभी राहिले. फोन सुरू केला. यांचं नाव घेतलं. गेले म्हणून सांगितलं.

ओ आली. फोनमधून नाही. जिन्यावरून.

पुन्हा येतेय. वरच्या पायरीवर — पाय ओढत नाही —

लिहिणं ठेवून उठते, आधी कडी लावून —