आईच्या नावापुढची रिकामी जागा

सोमवार, ३ नोव्हेंबर
आज आईचा पाचवा फोन. "नडुक, मला पुन्हा आत घेत नाहीये गं ते." नडुक म्हणजे पोरी; मला ती अजून तशीच हाक मारते. वोनोसारी गावात तीस वर्षं बाळंतपणं केलेली सुईण — रडवेली! बाळंतिणींच्या नोंदींची ती वेबसाइट आमच्याच ऑफिसात तयार झालेली. बाकी सगळ्याजणींचं चालतं. मी खेकसले, "नीट आठवून टाक ना!"
तिने फोन ठेवला. आजीचंही विसरणं असंच सुरू झालं होतं.

बुधवार, ५ नोव्हेंबर
आई राजीनामा लिहितेय. "आज पासवर्ड विसरले, उद्या कुणाला कुठलं इंजेक्शन दिलं ते विसरेन."


शुक्रवार, ७ नोव्हेंबर
सुट्टी काढून वोनोसारीला आले. शेजारी बसून पाहिलं. नाव बरोबर. पासवर्ड बरोबर! तरी नकार. मग दिसलं — तिचा नवा फोन नाव सुचवतो, ती त्यावर बोट ठेवते, आणि फोन नावापुढे एक रिकामी जागा सोडतो. एवढंच!
पण अशी जागा पुसणारा थर, म्हणजे प्रोग्रामचा तेवढा तुकडा, तर मीच लिहिलाय. मग?

सोमवार, १० नोव्हेंबर
सापडलं! आमच्या प्रोग्रामात प्रत्येक नवा थर आधीच्यांना बाहेरून गुंडाळतो. वर लिहिलंय "जागा पूस", त्याखाली "ओळख तपास". वाचताना वाटतं, आधी पुसणार. पण खालचा थर सगळ्यांत बाहेर, म्हणून येणारी विनंती आधी त्याच्याच हाती! पुसायच्या आतच तो आईला हाकलत होता.
शेजारच्या टेबलावरचा मास प्रासोजो — मास म्हणजे दादा — म्हणाला, "पानात भात बांधतेस ना, वेनिंग? शेवटी गुंडाळलेलं पान आधी सुटतं!"
दोन ओळींची अदलाबदल केली. ओळी माझ्याच हातच्या.
आईला फोन लावला. "तू काही विसरली नव्हतीस. चूक माझी होती."  ती हसायला लागली, थांबेचना. मी जिन्यात बसून रडून घेतलं. काय हलकं वाटलं!

मंगळवार, ११ नोव्हेंबर
आईची नोंद पहिल्या झटक्यात गेली. मुलगी, तीन किलो शंभर. दुपारी मी गुदेग, म्हणजे कच्च्या फणसाची गोडसर भाजी, आणि भात दोनदा वाढून घेतला.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर
आईने राजीनामा दिलाच! मी चिडले — आता कशाला? तर म्हणते, "विसरले म्हणून घरी बसायचं नव्हतं, नडुक. आता माझ्या मर्जीने बसते."