घोटावड्याला दोन्ही जात्यात

प्रिय तात्या,

उद्या सकाळी अकराच्या आत शोरूमला कळवायचं आहे, हायब्रिड की साधी पेट्रोल. एरवी असं काही अडलं की मी वरच्या खोलीतून जिना उतरून तुमच्या ओट्यावर येऊन बसायचे. आजही सवयीने चार पायऱ्या उतरले. मग परत वर आले आणि हे लिहायला घेतलं.

तुम्ही हसाल. अजून ठरलं नाही का गं तुझं? नाही ठरलं, तात्या. दोन वर्षं झाली.

परभणीहून इथे माणला नोकरीला आले तेव्हा मला सायकलसुद्धा धड येत नव्हती. तुम्ही भाडं ठरवलं, पाण्याची वेळ सांगितली आणि तिसऱ्या महिन्यात विचारलंत, "गाडी शिकतीयास का? माझी नुसती उभी राहून गंजतीया." त्या तुमच्या जुन्या गाडीत मी माणच्या रस्त्यावर शिकले. मीटरच्या काट्याकडे बघू द्यायचा नाहीत. "कानानं चालव. इंजिन कण्हाय लागलं की गिअर बदल." आमच्या ऑफिसात अजून कुणाला कानाने गाडी चालवता येत नाही.

आणि ती वळणं! "चिंचेच्या वावरापाशी डावीकडं घे. आता भाताचं खाचर लागंल, हळू." समोर चिंच नाही, वावर नाही, सात मजली काचेची इमारत. तुम्ही जमीन विकून पंधरा वर्षं झाली होती, पण वळणांना जुनीच नावं. मीही तीच शिकले. परवा शोरूमवाल्या बाईंना टेस्ट ड्राइव्हसाठी पत्ता सांगताना सहज म्हणाले, "चिंचेच्या वावरापासून डावीकडे या." अर्ध्या तासाने त्यांचा फोन, "मॅडम, हे वावर मॅपवर दाखवत नाहीये." खाली येऊन काकींना सांगितलं तर त्या पदर तोंडाला लावून हसल्या. तुम्ही गेल्यावर पहिल्यांदाच.

चौकात थांबलं की तुम्ही किल्ली फिरवून इंजिन बंद करायचा. मागचे हॉर्न वाजवून जीव खायचे, तुम्ही ढिम्म. "उभ्या बैलाला कोण चारा घालतं?" मला तेव्हा इतकी लाज वाटायची, की मान खाली घालून बसायचे. आता ऐका. ही हायब्रिड तेच करते. थांबली की इंजिन आपोआप बंद, मग बॅटरीवर गुपचूप सरकते. तुम्ही हाताने केलेली गोष्ट विकायला लोक केवढे पैसे मागतात, बघा.

पण तिला क्लच नाही, गिअर नाही, कण्हणं नाही. मग माझ्या कानांनी करायचं काय?

डोळ्यांच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी तुमचं गाडी चालवणं बंद केलं, आणि तुम्ही त्याच आठवड्यात गाडी विकून टाकलीत. त्यानंतर तुमचं एकच मागणं होतं. घोटावड्याला आक्कांकडे जायचं. थोरली बहीण, एकुलती एक. बसने जायला गुडघे साथ देत नव्हते, मुलगा बंगळुरूला. मी म्हटलं, रिक्षा करून देते. तर फटकारलंत मला. "भैनीच्या दारात रिक्षातनं उतरू व्हय? माझ्या शिष्याच्या गाडीतनं उतरीन. पुढच्या शिटावरनं." मी म्हटलं, मग गाडी घेतेच.

आणि मी काय केलं? तक्ता केला. ॲव्हरेज, बॅटरीची वॉरंटी, सर्व्हिसिंग, पाच वर्षांनी किंमत किती राहील. एका दिवाळीला हायब्रिड पुढे होती, दुसऱ्या दिवाळीला पेट्रोल. लॅपटॉप आणून तो तक्ता तुम्हाला दाखवला होता, आठवतं? तुम्ही चष्मा लावून बराच वेळ बघितलात आणि विचारलंत, "घोटावड्याला दोन्ही जात्यात ना?"

मी हसले, तात्या. तुम्हाला मुद्दा कळला नाही असं मला वाटलं. मीच मठ्ठ.

माणहून घोटावडं म्हणजे असं किती लांब? अर्धा तास. त्या अर्ध्या तासासाठी तुम्ही दोन वर्षं थांबलात, आणि एकदाही टोचून बोलला नाहीत. बोलला असतात तर बरं झालं असतं. याचा मला थोडा रागही आहे तुमच्यावर.

शनिवारी दोन्ही गाड्या चालवून बघितल्या. काकी मागे बसल्या होत्या. आधी साधी पेट्रोल घेतली; क्लचवर पाय ठेवला आणि तुमची शिकवणी आठवली, सगळं जमलं. मग हायब्रिड. चौकात नेहमीसारखी गर्दी होती. मी ब्रेक दाबला आणि इंजिन गप्प झालं. काकी घाबरून पुढे वाकल्या. "बंद पडली का गं?"

"नाही काकी, ती अशीच असते. होईल चालू."

याच चौकात शिकताना मी तुमची गाडी किती वेळा बंद पाडली होती! एकदा तर स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडले होते. तेव्हा तुम्ही जे म्हणाला होतात, ते काकींना तुम्ही घरी येऊन सांगितलं असणार. कारण त्या मागे टेकल्या आणि हळूच म्हणाल्या, "ह्ये म्हणायचे ना, बंद पडली तर पडू दे. गाडी हाय, माणूस न्हाई. परत चालू व्हती."

इंजिन चालू झालं, रस्ता मोकळा झाला, मी गाडी शोरूमला नेली. तिथे बाईंनी सांगितलं, हायब्रिडला साडेतीन महिने थांबावं लागेल. साधी पेट्रोल शुक्रवारी मिळेल.

आक्का ब्याऐंशीच्या आहेत, तात्या.

लिहिता लिहिता माझं ठरलं आहे. उद्या साधी सांगते. पेट्रोल थोडं जास्त जाईल, जाऊ दे. चौकात थांबले की तुमच्यासारखी मी हाताने इंजिन बंद करीन. मागचे बोंबलू देत.

रविवारी काकींना घेऊन घोटावड्याला जाते, हा माझा शब्द. काकी पुढच्या सीटवर बसतील. चिंचेच्या वावरापाशी डावीकडे वळेन, खाचरापाशी हळू करीन. तुमचं उतरायचं राहिलं, ते माझ्याकडून राहिलं. त्याची माफी आक्कांकडेही मागेन. त्या विचारतील, कुठली गाडी घेतलीस गं?

तात्यांनी सांगितलेली, घोटावड्याला जाणारी, म्हणेन.

तुमची शिष्या,
सुजाता
वरची खोली, माण