बाबांची केशरी टोपी

मंगळवार संध्याकाळ, नोव्हाय, अमेरिका

आई-बाबांची टूर आज प्रागबाहेरचा किल्ला बघायला गेली होती. टूरवाल्यांनी सगळ्यांना केशरी टोप्या दिल्यात, रोज ग्रुप फोटो येतो. आजच्या फोटोत बाबा नाहीत. आईच्या डोक्यावर एक टोपी आणि हातात दुसरी. ती हातातली टोपी कितीदा झूम करून बघितली मी!

बाबा आणि फोटो सोडतील? शक्यच नाही.

दुपारी व्हिडिओ कॉल केला. तिकडे रात्र. "अगं, ह्यांचे पाय दुखत होते, बसमध्येच बसले," आई फारच गोड आवाजात म्हणाली. मग बाबा आले. घाईघाईनं टोपी चढवलेली, पण हातावर सलाइनची पट्टी. किल्ल्यावर चक्कर आली होती म्हणे. "तुला उगाच काळजी कशाला?"

असा संताप आला! ओरडलेच, "माझ्यापासून काही लपवायचं नाही, सांगून ठेवते!"

मग आईला माझ्यामागचं किचन दिसलं.

"भर दुपारी घरी कशी गं? ऑफिस नाही?"

"वर्क फ्रॉम होम."

महिनाभर हेच सांगतेय. नोकरी गेल्याचं टूर संपल्यावर सांगेन. त्यांना उगाच काळजी कशाला?