मागाच्या खोलीची व्यवस्था

मी, खाली सही करणारा, वय वर्षे छप्पन्न, अविवाहित, धंदा छापखान्यात मुद्रितशोधन, हे मृत्युपत्र स्वखुशीने आणि पूर्ण जागेपणी लिहून ठेवत आहे. प्रकृती उत्तम आहे. कोणी दडपण आणलेले नाही. एक धाकटी बहीण बोलली, पण तिचे म्हणणे भलतेच होते, ते कलम पाचमध्ये येईल. यापूर्वीचा एक मसुदा होता. तो फाडला आहे.

१. राहते घर, दुसरा मजला, पूर्वेस जिना, पश्चिमेस रस्ता, यातील दोन खोल्या व स्वयंपाकघर, तसेच बँकेत जे काही असेल ते, माझ्या भाचीला. तिसरी, म्हणजे हातमाग ठेवला आहे ती मागाची खोली, या मृत्युपत्रात येत नाही. कारण पुढे दिले आहे.

२. संस्कृत कोश व व्याकरणाची पुस्तके मी शिकलो त्या शाळेच्या ग्रंथालयाला. समासांत माझ्या हातच्या दुरुस्त्या आहेत. त्या खोडू नयेत. बऱ्याचशा बरोबर आहेत.

३. मागाच्या खोलीत सहा वर्षे 'तात्पुरती' ठेवलेली व्यायामाची सायकल मेहुण्यांची आहे. दुसऱ्याची वस्तू मृत्युपत्राने देता येत नाही, नाहीतर मी ती आनंदाने त्यांनाच दिली असती. त्यांनी ती न्यावी. तिच्यावर बसलेले मी त्यांना कधी पाहिले नाही. अर्थात त्या काळात मीही बोलण्याच्या लायकीचा नव्हतो.

४. हातमाग, लाकडी, रुंदी चार फूट, आडवा धागा नेणारे धोटे दोन. हा मी चव्वेचाळिसाव्या वर्षी हौसेने घेतला आणि पुढची अकरा वर्षे त्यावर कपडे वाळत घातले. सबबी क्रमाने अशा: छापखान्यात वार्षिक अहवालांचा हंगाम, डोळ्यांचा वाढलेला नंबर, आईचे आजारपण, आई गेल्यावर मन लागत नाही, आणि शेवटी, आता निवृत्तीनंतरच निवांत. यातली एकही खोटी नव्हती. खोटी सबब चार दिवसांत उघडी पडते. खरी माणसाला जन्मभर पुरते.

गेल्या वर्षी पहिला मसुदा करताना वकीलबाईंनी विचारले, "मागाची स्थिती काय लिहू? वापरलेला?" मी म्हणालो, कोरा. त्यांनी 'कोरा' असे लिहिले, चष्मा पुसला आणि पुढच्या कलमाकडे वळल्या. बाईंनी एक शब्दही सुनावला नाही, हेच लागले. घरी येऊन मागावरचे कपडे उतरवले. ताण्याचे, म्हणजे उभे, तीनशे चाळीस धागे एकेक करून ओवायला तीन रविवार गेले. शास्त्रकार पहिल्याच ओळीत 'अथ' लिहून मोकळे होतात. मला तेवढ्यासाठी अकरा वर्षे लागली, हे नमूद करतो.

वेळ कुठून काढला, असे लोक विचारतात. सकाळी सहा ते साडेसात मी वर्तमानपत्रातल्या चुकांवर खुणा करत असे. ते काम मला कोणी सांगितलेले नव्हते. ते बंद केले. वर्तमानपत्राचे काही बिघडले नाही, चुका व्यवस्थित चालू आहेत.

पहिली चादर एका टोकाला तीन फूट आणि दुसऱ्या टोकाला अडीच फूट भरली. तुटलेला धागा जोडायची गाठ मला छापखान्यातल्या बांधणीकाराने शिकवली. चादर पाहून तो हसला नाही, नुसता टेप घेऊन आला. माझ्या पश्चात माग त्याला द्यावा. दोन महिन्यांत त्याने विणायला घेतले नाही तर वकीलबाईंनी तो काढून घ्यावा. तो कारणे सांगेल. ती शांतपणे ऐकून घ्यावीत, आणि माग काढून घ्यावा.

५. माझी धाकटी बहीण दंतवैद्य आहे. विसाव्या वर्षापासून तिला मातीत माणसांचे चेहरे घडवायचे आहेत. आता पन्नाशी आली. रोज लोकांच्या जबड्यांचे साचे काढते. बाकीचा चेहरा पुढच्या वर्षी. आधी मुलगी लहान होती, मग दवाखाना नवा होता, मग गुडघे, आणि सध्या जागा नाही. म्हणून पहिल्या मसुद्यात मी मागाची खोली तिच्या नावे केली होती, वर अट घातली होती की वर्षाला एक तरी चेहरा पुरा करावा. गेल्या महिन्यात 'कोरा' हा शब्द बदलायला तो मसुदा काढला, तेव्हा हे कलम, फार शहाणपणाचे म्हणून, तिला वाचून दाखवले.

तिने ऐकून घेतले. मग म्हणाली, "म्हणजे दादा, तू गेल्यावर मी सुरू करायचं?"

मी म्हणालो, कायद्याने तसेच होते.

"मग बरंच झालं. इतकी वर्षं मी गुडघ्यांची सबब सांगत होते, आता तुझी सांगेन. कुणी विचारलं, अगं, माती कधी आणतेस, तर म्हणायचं, बघू, दादा अजून धडधाकट आहे."

हसतच बोलली, पण चहा अर्धा टाकून उठली.

तीस वर्षे दुसऱ्यांच्या मजकुरातल्या चुका काढल्या आणि ही आपल्या हाताने केली. तिच्या बाकीच्या सबबी कधी ना कधी संपल्या असत्या. मी दिलेली मात्र मी मेल्याशिवाय संपणार नव्हती, आणि त्या दिवशी ती साठीची असेल की पंचाहत्तरीची, कोण जाणे. मसुदा फाडला. खोली याच पंधरवड्यात वेगळ्या बक्षीसपत्राने तिला देऊन टाकली. माग खिडकीकडे सरकवला आहे. तिथे मी आता तिच्या परवानगीने विणतो. तिची अट एकच, विणताना व्याकरण सांगायचे नाही.

६. वकीलबाईंनी बजावले की मृत्युपत्रावर जो साक्षीदार म्हणून सही करतो, त्याला त्या मृत्युपत्राने काही मिळू शकत नाही. तेव्हा बहिणीची सही नको, असे मी म्हणालो. त्यावर बहीण म्हणाली, "मग मीच करते. तुझ्या पश्चातलं मला काही नकोच आहे." आमच्या घरात याहून गोड कोणी बोलत नाही.

वरील मजकूर मी स्वतः वाचला, एक काना आणि दोन स्वल्पविराम दुरुस्त केले, आणि दोघा साक्षीदारांच्या देखत सही केली.

स्थळ: राहते घर
दिनांक: नऊ मार्च, रविवार, सकाळी सव्वासात

(सही) लिहून ठेवणार

साक्षीदार:
१. (सही) धाकटी बहीण, दंतवैद्य
२. (सही) तळमजल्यावरचे औषधविक्रेते

टीप: पहिल्या साक्षीदाराला सहीसाठी हातातले काम सोडून यावे लागले. तिच्या सहीवर ओल्या मातीचा अंगठा उमटला आहे. ती खाडाखोड समजू नये.