परवा म्हणजे नेमकं कधी

४ जानेवारी २०२६, रविवार

इंजिन आज बसलं. पोर्चमध्ये, चेन-पुलीला लटकवून. मी एक दोरी धरून उभा होतो आणि ती कशासाठी धरलीय हे शेवटपर्यंत कळलं नाही. मंजू म्हणालेली, "सोड म्हटलं की सोड." ते "सोड" काही आलंच नाही. शेवटी मीच दोरी गुंडाळून खुंटीला टांगली.

एकदा सगळं इथं लिहून काढतो, म्हणजे डोक्यातला गुंता तरी कमी होईल. माझी बायको मंजुषा चितेगावच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. वीस वर्षं दुसऱ्यांनी बनवलेले पार्ट मोजतेय. आमची सोनिया पुण्याला शिकायला गेली आणि महिन्याभरात ही बाई वैजापूरहून एक लाल, बुटकी, दोन सीटची स्पोर्ट्स कार टेम्पोत घालून घेऊन आली. कोणाच्या तरी शेडमध्ये सरकीच्या पोत्यांखाली पडून होती. इंजिन मेलेलं. आता तिच्यात एका मोठ्या, अपघातातल्या गाडीचं इंजिन घातलंय, गिअरबॉक्ससकट. का? तर म्हणे, "बसतंय म्हणून." हे काय उत्तर झालं?

आईचा पिशोरहून फोन. "दोनच शिटा? मंग मी कुठं बसायचं, टपावर?" म्हटलं, टप कापडाचा आहे. फोनच ठेवून दिला तिनं.

७ जानेवारी, बुधवार

जेवताना मंजू एकदम म्हणाली, "होसूरच्या नव्या प्लांटला क्वालिटी हेड म्हणून बोलावतायत." होसूर म्हणजे तमिळनाडू. बंगळुरूच्याही पलीकडं.

मी म्हणालो, "छान."

ती बघत राहिली. "छान?"

मग काय म्हणायचं होतं? जाऊ नको म्हटलं तर मी तिच्या आड आलो. जा म्हटलं तर मला ती नकोशी झाली. "छान" मला दोन्हीच्या मधलं वाटलं होतं. तिनं भाजीचं भांडं माझ्याकडं सरकवलं आणि ताट घेऊन उठली.

८ जानेवारी

"छान" चुकलं, एवढं नक्की. बरोबर काय होतं ते अजून सुचत नाहीय.

१० जानेवारी, शनिवार

बँकेला सुट्टी. सकाळी अल्तमश आला. हा मंजूच्या कंपनीतला मेंटेनन्सचा इंजिनिअर, तिच्याहून बराच लहान. त्याची दुसरी पाळी, म्हणून तो सकाळी येऊन गाडीचं काम करतो. मंजूची जनरल, म्हणजे दिवसाची पाळी, ती संध्याकाळी करते. दोघांची गाठ पडली तर रविवारी. मधला निरोप्या मी! "मॅडम को बोलो, क्लच की केबल बिठा दिया." – "त्याला सांग, बसली नाही, लोंबतेय." बँकेत लोक माझ्या खिडकीसमोर उभे राहतात, घरी मीच खिडकी झालोय.

त्याला विचारलं, अरे ही गाडी कशासाठी? म्हणाला, "मालूम नै भाई. मॅडम खुश दिखते ना, बस." खूश? मला तर तिचे फक्त पाय दिसतात, गाडीखालून बाहेर आलेले.

ड्रायव्हरची सीट बसवली. दुसरी भिंतीला टेकवून ठेवलीय. कोणासाठी विचारलं तर मंजू म्हणते, "ती शेवटी."

१४ जानेवारी, संक्रांत

इंजिन सुरू झालं!

आधी नुसतं कण्हलं. मग असा आवाज आला की शेजारच्या केसरबाई तिळगुळाची वाटी घेऊन फाटकातच थांबल्या. "अहो, काय फुटलं?" मंजू आत बसून हसत होती. तोंडावर काळं, केसात जळमट, आणि हसणं थांबेना. लग्नाला इतकी वर्षं झाली, तिला असं हसताना मी दोनदा-तीनदाच पाहिलं असेल.

मलाही हसू आलं. आणि लगेच थांबलं. ही जाणार, असं वाटलं. का वाटलं ते सांगता येत नाही. ती गेली तर मी या घरात करू काय? आपण गॅसवर आम्लेटपलीकडं जात नाही.

१५ जानेवारी, गुरुवार

मंजूचे हात ग्रीसनं भरलेले. म्हणाली, "अल्तमशला फोन लाव. गिअरबॉक्सच्या ऑइलचं विचार." इंजिनाचं ऑइल वेगळं आणि गिअरबॉक्सचं वेगळं, हे मला याच आठवड्यात कळलं. इंजिनाला एक काडी असते, ती उपसून बघता येतं. गिअरबॉक्सला काडी नाही, तिथं विश्वास. टेम्पोत सांडू नये म्हणून ते आणतानाच काढून टाकलं होतं, आणि भरायचं काम अल्तमशकडं होतं.

फोन लावला. त्याच्याकडं मशिनींचा नुसता दणदणाट. मी ओरडलो, "गिअरऑइल?" तो ओरडला, "परसों!"

मंजूला सांगितलं, "परवा टाकलं म्हणतोय."

"गुणी पोरगं," म्हणाली.

१६ जानेवारी

मंजू कंपनीतून आली ती डोकं धरून. काय झालं म्हटलं तर "डोकं दुखतंय." अल्तमश मामेबहिणीच्या साखरपुड्याला वैजापूरला गेला. रविवारनंतर येणार म्हणे.

१८ जानेवारी, रविवार

वाईट दिवस. नीट लिहितो.

इंजिन बदलायचा अर्ज आरटीओत पडून आहे, तोवर रस्त्यावर गाडी काढायची नाही. म्हणून चितेगावच्या पुढं एक प्लॉटिंग आहे, खांब रोवलेले, घर एकही नाही, मधून सरळ डांबरी रस्ता. मालकानं आज या म्हटलं. मंजू म्हणाली, अल्तमशसाठी थांबले तर हा रस्ता पुन्हा कधी मिळायचा? निघताना मला तिनं विचारलंसुद्धा, "ऑइल भरलं म्हणाला ना?" मी म्हटलं, हो.

पहिला फेरा झकास. दुसऱ्याला एक बारीक गुणगुण. मंजूनं खिडकीतून हात काढून थांब अशी खूण केली – मला का, मी तर उभाच होतो. तिसऱ्याला ती गुणगुण वाढत किंचाळीवर गेली, पिठाच्या गिरणीत खडा सापडल्यासारखी. आणि खट्. मागं धूळ, पुढची चाकं जाम, गाडी तिरकी घसरत खांबापाशी थांबली. मी पळालो. चप्पल तिथंच राहिली.

तिला काही झालं नव्हतं. स्टिअरिंग धरून बसलेली. म्हणाली, "माझं माप चुकलं."

इंजिन ज्या माउंटवर बसतं ते चारही माउंट तिनं स्वतः मोजून करून घेतले होते. ते वाकडे बसले, म्हणून गिअरबॉक्सवर ताण आला, म्हणून तो गेला, असं तिचं म्हणणं. गाडी पिकअपवर चढवून घरी येईपर्यंत तेच. "सुदर्शन, माझं माप चुकलं." मी म्हटलं, "चुकतं एखाद्या वेळी." हे तर "छान"पेक्षाही वाईट निघालं.

घरी ती बाथरूममध्ये हात घासत होती. मला राहवेना. दाराबाहेरून विचारलं, "होसूरचं काय?"

आतून नळाचा आवाज. मग, "परवा."

परवा म्हणजे शुक्रवार. ती डोकं धरून आली तो दिवस. म्हणजे होसूरला हो कळवून मोकळी झाली. मला न सांगता. झालं, संपलं.

१९ जानेवारी

संध्याकाळी मंजू म्हणाली, "तुला काही बोलायचंय का?" म्हटलं, नाही. आता बोलून काय उपयोग? गेलेल्या गाडीला हात दाखवायचा?

२० जानेवारी, मंगळवार

नाश्त्याला मी आम्लेट केलं. ती पर्स घेऊन दारात उभी, जात नव्हती. म्हणाली, "मग?"

म्हटलं, "मग काय? आम्लेट थंड होतंय."

न खाताच गेली. बायको वीस-बावीस वर्षांत ओळखता येत नसेल तर माणसानं काय करावं?

२३ जानेवारी, शुक्रवार

आज केलं. बदलीचा विनंती अर्ज. होसूर शाखा.

मॅनेजरसाहेबांनी चष्मा काढला. "देशमाने, होसूर? आपण होऊन? तमिळ येतं का?" म्हटलं, शिकेन. "घरी विचारलं?" म्हटलं, घरच तिकडं चाललंय. ते हसले. म्हणाले, तिकडची जागा कोणी मागत नाही, मागितली की मिळेल. पण वर्षभर तरी काही होत नाही, निवांत राहा.

मंजूला सांगितलं नाही. ऑर्डर हातात आली की दाखवीन. तिला "छान" म्हणायची पाळी येऊ दे.

२६ जानेवारी

झेंडावंदन करून आलो. मंजूनं गाडीवर ताडपत्री टाकलीय, चारी बाजूंनी विटा ठेवून. गाडीजवळ फिरकत नाही. पण सामानही भरत नाहीय. बॅगा माळ्यावरच. फोनवर होसूरचं नाव नाही. कधी जाणार हे विचारायला जीभ उचलत नाही. आणि ती सांगत नाही. हे चाललंय काय?

८ फेब्रुवारी, रविवार

अल्तमशनं आज हट्टच धरला. "मॅडम, खोल के तो देखेंगे. मुर्दे को भी देखते, मरा कायसे." मंजूनं नाखुशीनं ताडपत्री काढली.

गिअरबॉक्सखाली घमेलं ठेवलं. तळाचा बोल्ट काढला. आम्ही तिघं वाकून बघतोय. काही पडेना. एक थेंब नाही. अल्तमशनं बोट घातलं, कोरडं बाहेर आलं, टोकाला लोखंडाची चमचम.

मंजू हळूच म्हणाली, "तू ऑइल भरलं होतंस ना?"

"मैं? नै मॅडम. आप भर के चलाए होंगे, ऐसा समझा मैं. मैं तो भाई को बोला, परसों. शनिवार को डालता बोल के. फिर वैजापूर जाना पड़ा."

दोघांनी माझ्याकडं बघितलं.

म्हटलं, "तू म्हणालास परसों. मी सांगितलं, परवा टाकलं."

"मैं खाली परसों बोला, भाई. 'टाकलं' तुम लगाए."

खरंच. मीच लावलं. माणूस नुसतं परवा म्हणाला की मी मागचाच धरतो का काय? मला वाटलं आता मंजू पाना फेकून मारते. ती घमेल्याशेजारी फरशीवर बसली. म्हणाली, "म्हणजे माझं माप बरोबर होतं?" आणि रडायला लागली. अल्तमश फाटकापर्यंत जाऊन उभा राहिला. मी तिच्याजवळ बसलो. ती म्हणाली, "गाढव आहेस तू." मी म्हटलं, हो.

९ फेब्रुवारी, सोमवार

चहा पिताना चमकलो. अल्तमशचा परवा जर येणारा होता – तर बाथरूममधला मंजूचा?

रविवारचा परवा. मंगळवार. ती पर्स घेऊन दारात उभी होती, "मग?" म्हणाली होती, तो मंगळवार.

बँकेला उशीर झाला तरी तिला थांबवलं. "होसूरला तू काय कळवलंस?"

"नाही म्हणून कळवलं. मंगळवारीच."

"का?"

"का म्हणजे? ज्या बाईला स्वतःच्या पोर्चमध्ये चार माउंट सरळ मोजता येत नाहीत, तिनं तिथं जाऊन अख्ख्या प्लांटची मापं काढायची? आणि तुझी वाट बघितली मी. जा म्हण, नको म्हण, मी पण येतो म्हण. काही म्हणशील म्हणून. तू म्हणालास, आम्लेट थंड होतंय."

"आता परत विचारता नाही येणार त्यांना?"

"दुसऱ्याला घेतलं त्यांनी. सोड. मला आता तसं वाईट वाटत नाहीय. माप बरोबर होतं, बस. गाडी पुरी करू. इथंच."

मी अर्जाचं सांगायला तोंड उघडलं. मिटलं. बँकेत गेल्या गेल्या साहेबांच्या केबिनमध्ये. अर्ज मागं घ्यायचाय. साहेब म्हणाले, "वर गेला तो. पण घाबरताय काय? सांगितलं ना, वर्षभर काही होत नाही."

१० फेब्रुवारी

वर्षभर काही होत नाही. वर्षभर काही होत नाही.

११ फेब्रुवारी, बुधवार

मंजूनं दुसरी सीट बसवली. मला आत बसवलं आणि पट्टी घेऊन माझ्या गुडघ्यापासून पुढच्या पत्र्यापर्यंत मापं घेतली. मग सीट दोन बोटं मागं सरकवून बोल्ट आवळले. "इतके दिवस विचारत होतास ना कोणाची? एवढी लांब तंगडी आणखी कोणाची आहे या घरात?"

गिअरबॉक्स नाही, पुढं नुसतं भगदाड. तरी अर्धा तास आत बसून राहिलो. उतरावंसं वाटेना.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

ऑर्डर आली. होसूर.

मंजूच्या हातात दिली. तिनं ती 'स्वतःच्या विनंतीवरून'सकट दोनदा वाचली, घडी घालून माझ्या खिशात परत ठेवली आणि ग्रीसचे हात पुसत विचारलं, "निघायचं कधी?"

"परवा."

"गेलेला का येणारा?"